नळ कुठून गळतोय, ते आधी सांगा

सोलापुरात टिळक चौकाजवळ आमचं सॅनिटरी सामानाचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता काउंटर मी सांभाळते. नळाच्या सुट्या भागांबद्दल प्रश्न पाठवा, असं संपादकांनी मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली काही निवडून इथं उत्तरं देते आहे. बहुतेक पत्रांत एक गोष्ट राहून गेली आहे. लोक भागाचं नाव विचारतात, पण पाणी कुठून येतं आणि नळ चालू असताना येतं की बंद असताना, हे लिहीत नाहीत. मला तेच आधी हवं असतं. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत साठवलेलं पाणी पुरवून वापरावं लागतं. त्यामुळे टिपकणारा नळ मला सहन होत नाही, आणि दहा रुपयांच्या भागासाठी चांगला पितळी नळ भंगारात गेलेलाही बघवत नाही.

प्रश्न : स्वयंपाकघरातला नळ घट्ट बंद केला तरी टिपकतो. प्लंबर म्हणतो, जुना झालाय, अख्खा नळच बदला. मला वाटतं वायसर बदललं की भागेल. दुकानात गेले तर विचारतात, "कुठलं वायसर?" मला सांगता आलं नाही, तशीच परत आले. नेमकं काय मागायचं? आणि अशा थेंबाथेंबानं किती पाणी जातं? – गृहिणी, बार्शी

उत्तर : ताई, तुमचा अंदाज बहुतेक बरोबर आहे. तुम्ही 'बंद केला तरी टिपकतो' असं लिहिलंत, म्हणून मला पुढचं सांगता येतंय. नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असेल तर दोष वायसरचा किंवा आतल्या सिरॅमिक चकत्यांचा. नळ चालू केल्यावर मुठीच्या खालून, मानेतून पाणी झिरपत असेल तर वायसर बदलून काहीही होणार नाही. तिथं ग्लँडची, म्हणजे मानेतल्या दांड्याभोवतीच्या सांध्याची दोरी किंवा ओ-रिंग (रबराचं गोल कडं) गेलेली असते, आणि पुष्कळदा ग्लँडचा नट पाव फेरा आवळला की तेवढ्यावर भागतं. भिंतीत नळ शिरतो तिथं ओल येत असेल तर आतलं सगळं ठणठणीत असू शकतं, आट्यांवरची टेप तेवढी गेलेली असते.

आता तुमचा नळ वायसरचा आहे का, हे न उघडता कळतं. पूर्ण उघडायला मूठ दोन-तीन फेरे फिरवावी लागते का? मग आत वायसर आहे. पाव किंवा अर्ध्या फेऱ्यात नळ पूर्ण उघडत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्या आहेत. त्या नळात असं वायसर नसतंच, त्याबद्दल पुढच्या पत्रात सविस्तर लिहिलंय.

वायसरचा असेल तर आधी वरच्या टाकीची चावी बंद करा आणि नळ उघडा ठेवून पाईपातलं पाणी जाऊ द्या. सिंकच्या जाळीवर फडकं टाका, कारण तिथून आत गेलेला स्क्रू परत मिळत नाही. मुठीवरची टोपी नखानं किंवा बोथट सुरीनं उचकटा, खालचा स्क्रू काढा, मूठ वर ओढा. खाली षटकोनी नट दिसेल. त्याला पान्हा लावण्यापूर्वी स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा) अर्धं उघडलेलं आहे ना ते पाहा. ते पूर्ण बंद असेल तर वायसर खालच्या बैठकीवर दाबून बसलेलं असतं आणि नट सैल करताना आटे ओढले जातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका हातानं नळाचं अंग घट्ट धरून दुसऱ्या हातानं पान्हा फिरवा. तसं केलं नाही तर जोर भिंतीतल्या पाईपावर जातो. तिथं प्लॅस्टिकचा एल्बो (काटकोनी जोड) असला आणि तो तडकला, तर काम दहा रुपयांवरून टाईल फोडण्यावर जातं.

स्पिंडल बाहेर आलं की त्याच्या तळाशी वायसर दिसेल. ते काढू नका. स्पिंडल तसंच पिशवीत घालून दुकानात न्या. अर्ध्या इंची नळाचं वायसर स्वतः अर्ध्या इंचाचं नसतं, साधारण पाऊण इंच व्यासाचं असतं. म्हणून 'अर्ध्या इंचाचं वायसर द्या' म्हटलं की घोटाळा होतो, 'अर्ध्या इंची नळाचं' असं म्हणा. मधल्या भोकाचं माप आणि जाडीही जुन्याशी जुळली पाहिजे. जाड वायसर बसवलं तर नळ पूर्ण उघडत नाही आणि धार बारीक होते. गिझरच्या लाईनचा नळ असेल तर तसं सांगून घ्या. साधं मऊ रबर गरम पाण्यात चपटं होतं, काही महिन्यांत परत टिपटिप.

नवीन वायसर घालूनही टिपकत असेल, तर नळाच्या पोटात बोट घाला. वायसर जिथं टेकतं ती गोल कड गुळगुळीत लागली पाहिजे. कुठं खाच, खड्डा लागला तर ती बैठक कापून सपाट करावी लागते. त्यासाठी सीट कटर नावाचं छोटं हत्यार मिळतं. बऱ्याच प्लंबरांकडे ते असतं, पण वापरायचा कंटाळा करतात, कारण नवा नळ बसवणं सोपं आणि त्यात पैसेही जास्त सुटतात. तुम्ही आपणहून विचारा, "सीट कापून मिळेल का?" ज्याला येतं तो लगेच हो म्हणतो. बैठक फारच खोल खाल्ली असेल, किंवा नळाचं अंगच चिरलेलं असेल, तेव्हा मात्र प्लंबरचं ऐका आणि नवा नळ घ्या.

थेंबानं किती पाणी जातं, असंही तुम्ही विचारलंय. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला चार लिटरच्या वर जातं. नळाखाली रात्री भांडं ठेवा आणि सकाळी मापानं मोजा, तुमच्या नळाचा आकडा तुमच्यासमोर येईल.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. बाथरूमच्या पाव फेऱ्याच्या नळाचं स्पिंडल वर्षभरात दोनदा बदललं, तरी परत गळायला लागलं. मूळ कंपनीचा भाग इथं मिळाला नाही म्हणून दुकानदारानं 'सगळ्याला बसतं' असं सांगून एक दिलं. मूठही आता नीट बसत नाही. – शिक्षक, लातूर

उत्तर : सर, 'सगळ्याला बसतं' असं स्पिंडल नसतं. दिसायला सगळी सारखी, पण जुळवायच्या गोष्टी बऱ्याच आहेत. आणि तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आलेत. मूठ न बसणं हा मापाचा प्रश्न आहे, पुन्हा पुन्हा गळणं हा बहुतेक वाळूचा.

माप आधी बघू. मुठीत जाणाऱ्या टोकावर बारीक दाते असतात. ते मोजा. कुणाचे वीस, कुणाचे चोवीस, काहींना दाते नसून सरळ चौकोनी टोक असतं. वीस दात्यांची मूठ चोवीसच्या टोकावर जोर लावून बसवली की आतले दाते झिजतात आणि थोड्या दिवसांत मूठ नुसतीच फिरते. तुमचं तेच झालेलं दिसतंय. मग टोकाची उंची बघा. ती कमी असेल तर मूठ खाली घासते, जास्त असेल तर मूठ आणि नळ यांच्यामध्ये फट राहते. टोकाच्या डोक्यात स्क्रूचं भोक असतं, त्याचा स्क्रूही जुन्या मापाचाच हवा.

आता जे माप दुकानदारही पुष्कळदा बघत नाहीत ते सांगते. स्पिंडल उलटं धरा. षटकोनी नटाच्या खालच्या कडेपासून तळाच्या रबरापर्यंत किती मिलिमीटर भरतात ते जुन्या-नव्या दोन्हींचं मोजा, किंवा दोन्ही टेबलावर शेजारी उभी करून बघा. हे अंतर कमी असेल तर तळाचं रबर नळाच्या बैठकीवर दाबलंच जात नाही आणि पाणी चकत्यांच्या बाजूनं निसटतं. जास्त असेल तर नट पूर्ण खाली बसत नाही, आवळून आवळून रबर चिरतं. वरचे दाते जुळले म्हणजे स्पिंडल जुळलं असं समजून लोक घरी जातात आणि गळती तशीच राहते.

फिरण्याची दिशाही बघा. सुटा नळ बहुधा घड्याळाच्या उलट दिशेनं उघडतो. पण गरम-गार जोडीच्या, लांब दांड्याच्या मिक्सरमध्ये एका बाजूचं स्पिंडल उलट्या दिशेचं असतं, म्हणजे दोन्ही दांड्या समोरासमोर सारख्या दिसाव्यात. तिथं चुकीच्या बाजूचं घातलं तर 'बंद' केल्यावर नळ उघडतो.

आता वाळू. पाव फेऱ्याच्या नळात दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर घासत सरकतात. त्या ॲल्युमिनाच्या, फार कठीण असतात, सहजासहजी झिजत नाहीत. पण दोघींच्या मध्ये बोअरच्या पाण्यातला रेतीचा कण अडकला की चरे पडतात, आणि मग तो नळ कितीही आवळला तरी बंद होत नाही. उलट आवळल्यानं दांडा तुटतो. हा नळ हलक्या हातानंच बंद करायचा असतो. घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना हे प्रेमानं समजावून सांगा, कारण त्यांचा हात जुन्या नळांच्या सवयीनं आवळतो.

म्हणून नवीन स्पिंडल बसवण्यापूर्वी एक काम करा. स्पिंडल काढलेलं असताना नळावर बादली उलटी धरा किंवा फडकं गुंडाळा आणि वरची चावी क्षणभर उघडा. पाईपात बसलेली रेती, क्षाराचे खडे, जुन्या टेपचे तुकडे बाहेर पडू द्या. पाणी स्वच्छ आलं की मगच नवीन भाग घाला. लातूर काय, सोलापूर काय, बोअरवर चालणाऱ्या घरात टाकीतून येणाऱ्या मुख्य पाईपावर एक जाळीचा फिल्टर बसवून घ्या आणि तो वेळोवेळी उघडून धुवा. तसं केलं नाही तर तिसरं स्पिंडलही याच वाटेनं जाईल.

जाता जाता आणखी एक. टाकून देण्यापूर्वी जुनं स्पिंडल माझ्यासाठी एकदा उघडून बघा. कित्येकदा चकत्या साफ असतात आणि तळाचं रबर तेवढं चपटं झालेलं असतं. ते सुटं मिळालं तर जुन्याच स्पिंडलवर काम होतं. रबराला नारळाचं तेल, व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका. नळात वापरतात त्यातली काही रबरं अशा तेला-ग्रीसनं फुगतात. सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी मिळते, तीच घ्या.

प्रश्न : बेसिनच्या नळाला एकदम बारीक धार येते. बाकी नळांना पाणी चांगलं आहे. नळ बदलावा का? – डोंबिवली

उत्तर : अजिबात नाही. नळाच्या तोंडाशी असलेली जाळी फिरवून काढा आणि नळ चालू करा. धार जोरात आली तर जाळी तुंबलीय. तेव्हाही धार बारीकच असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून येणारं पाणी बंद करायची छोटी चावी) आणि तिथून नळाला जाणारा कनेक्शन पाईप तपासा. इमारतीची टाकी धुतली किंवा पाईपाचं काम झालं की पुढचे दोन-चार दिवस अशा तक्रारी भरपूर येतात, सगळा गाळ जाळीत येऊन बसतो.

जाळी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशनं घासा. संडास धुवायचं ॲसिड मात्र लावू नका, वरचा मुलामा जातो. नवीनच घ्यायची असेल तर जाळीचे आटे बाहेरून आहेत की आतून, ते पाहा. बाहेरून आटे असलेली जाळी बहुधा २४ मिलिमीटरची असते, आतून आटे असलेली २२ ची. काही नव्या नळांत जाळी तोंडाच्या आत लपलेली असते आणि ती काढायला प्लॅस्टिकची छोटी किल्ली लागते. नळाच्या खोक्यात ती येते, आणि खोक्याबरोबर कचऱ्यात जाते. जाळीशिवाय नळ वापरायची सवय लावू नका, पाणी उडतं आणि जास्तही जातं.

प्रश्न : मुलीनं न्यू जर्सीहून येताना स्वयंपाकघरासाठी ओढून बाहेर येणाऱ्या तोंडाचा सुंदर नळ आणला आहे. प्लंबर म्हणतो, बसणार नाही. दोन्हीकडे अर्धा इंच लिहिलंय, मग अडचण काय? – निवृत्त अधिकारी, पुणे

उत्तर : काका, प्लंबर बरोबर सांगतोय, पण त्यानं कारण सांगायला हवं होतं.

आपल्याकडचा अर्धा इंची आटा ब्रिटिश मापाचा. पट्टी लावली तर बाहेरून जवळपास २१ मिलिमीटर भरतो, कारण 'अर्धा इंच' हे मूळ पाईपाच्या आतल्या भोकाचं नाव होतं. अमेरिकेतला अर्धा इंची पाईपाचा आटा त्याच्या अगदी जवळचा दिसतो. दोन्हींत एका इंचात १४ आटेच असतात. म्हणून हातानं एक-दोन फेरे जातात आणि माणूस फसतो. पण आट्याचा कोन आपल्याकडे ५५ अंश, त्यांच्याकडे ६० अंश, आणि त्यांचा आटा पुढं निमुळता होत जातो. जोर लावला की दोन्ही खराब होतात. कितीही टेप गुंडाळली तरी हा सांधा भरवशाचा होत नाही.

शिवाय त्यांच्या स्वयंपाकघराच्या नळाला खाली ज्या लवचिक नळ्या असतात, त्यांची टोकं बहुधा तीन अष्टमांश इंचाच्या कॉम्प्रेशन जोडाची असतात. आपला अँगल कॉक अर्ध्या इंचाचा. तुमच्या नळाच्या नळ्या सुट्या होणाऱ्या असतील तर त्या बदलता येतात का ते पाहा, नसतील तर दोन्ही मापं जोडणारा पितळी अडॅप्टर लागेल. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी करा, पण नळी हातात घेऊन जा, फोनवर विचारू नका.

मोठी अडचण वेगळीच आहे, दाबाची. तिकडे घरात पाणी साधारण तीन-चार किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबानं येतं. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीचं पाणी उंचीवर चालतं, दहा मीटर उंचीला एक किलो. तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल आणि टाकी तीन मीटर वर असेल, तर तुमच्या नळाला पाव-एक किलो दाब मिळतो. त्या बारीक वाटांच्या नळातून भांडी घासण्याइतकी धार येणार नाही. इमारतीत प्रेशर पंप असेल, किंवा तुम्ही खालच्या मजल्यांवर असाल, तर बसवायला हरकत नाही. बसवलात तर मुलीला त्याचं कार्ट्रिज (पाणी सोडणारा-अडवणारा आतला भाग) आणि जाळी आत्ताच एकेक जास्त पाठवायला सांगा. पाच वर्षांनी ते भाग इथं शोधत फिरावं लागू नये.

प्रश्न : पितळी नळ घ्यावा की प्लॅस्टिकचा? मागच्या पडवीत धुण्याच्या दगडापाशी बसवायचा आहे. आमच्याकडे खारं वारं आहे आणि आधीचा पितळी नळ आवळताना मानेशी मोडला. मोडलेल्या जागी आत गुलाबी रंग दिसला. – रत्नागिरी

उत्तर : गुलाबी रंग तुम्ही पाहिलात आणि लिहिलात, हे फार चांगलं केलंत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काही पाण्यात, विशेषतः क्षार जास्त असले की, त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागं तांब्याचा सच्छिद्र सांगाडा राहतो. त्याचा रंग गुलाबीसर. वरून नळ जागेवर दिसतो, पण ताकद गेलेली असते. तुमच्या हाताचा जोर जास्त झाला म्हणून तो मोडलेला नाही. दुरुस्तीसाठी उघडलेल्या कुठल्याही नळाच्या स्पिंडलवर किंवा आट्यांवर हा रंग दिसला, तर त्याला नवे भाग घालू नका, नळच बदला. एरवी मी नळ बदलू नका म्हणून भांडते, इथं उलट सांगते.

पडवीतल्या धुण्याच्या नळासाठी मी पीटीएमटीचा, म्हणजे त्या जाड पांढऱ्या प्लॅस्टिकचा नळ देते. तो गंजत नाही, खाऱ्या वाऱ्याचं त्याला काही नाही, आणि बाहेरचा पितळी नळ भंगारासाठी चोरीला जातो तसा हा जात नाही. बसवताना मोठा पाईप पान्हा लावू नका, हातानं आवळा आणि शेवटचा थोडा फेरा जपून. आत गिझरच्या लाईनवर मात्र पितळच लावा.

आता पितळ ओळखायचं कसं? चुंबक लावून काही कळत नाही. पितळालाही चिकटत नाही आणि स्वस्त नळांतल्या जस्ताच्या मिश्रधातूलाही नाही. नळ उलटा करून आतून आट्यांकडे बघा, तिथं मुलामा नसतो. पिवळं दिसलं तर पितळ, मळकट करडं दिसलं तर जस्ताचा. जस्ताचे आटे तुटतात आणि तुटलेला तुकडा भिंतीतल्या पाईपात अडकून बसतो. तो काढणं फार त्रासाचं काम.

साध्या, फेरे घेणाऱ्या पितळी नळांसाठी आयएस ७८१ हे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्हाच्या वर हा क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकून खरा आहे का ते बघता येतं. नुसतं चिन्ह कुणीही छापतं, तेव्हा क्रमांक बघा.

प्रश्न : एकाच दांड्याच्या मिक्सरचा दांडा जड झाला आहे आणि बंद केला तरी पाणी येतं. कंपनीचं सेवा केंद्र शहरात नाही. – नाशिक

उत्तर : आतलं कार्ट्रिज गेलंय. दांड्याच्या मागं किंवा खाली लाल-निळ्या ठिपक्याची टोपी असते, तिच्याआड छोटा स्क्रू. त्याला एलन की लागते. दांडा काढला की वरचं झाकण हातानं फिरतं, खाली मोठा नट, त्याखाली कार्ट्रिज. बाहेरचा व्यास मोजा. ३५ आणि ४० मिलिमीटर ही दोन मापं जास्त चालतात, लहान नळांत २५ चंही असतं. पण व्यास जुळला म्हणून घेऊ नका. तळाला तीन भोकं असतात, गरम, गार आणि बाहेर जाणारं, आणि त्यांच्याजवळ दोन छोट्या खुंट्या. भोकांची मांडणी आणि खुंट्यांची जागा तंतोतंत तशीच हवी. काहींचा तळ सपाट असतो, काहींना खाली उंचवटा असतो, ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दांडा बसतो त्या चौकोनी टोकाची जाडी आणि उंचीही बघा. नाशिकहून मुंबईला कुणी जात असेल तर जुनं कार्ट्रिज त्यांच्याबरोबर द्या. पाठवणं शक्य नसेल तर वरून, खालून आणि बाजूनं, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. तळाचा फोटो नसेल तर माझ्यासारखीला काही सांगता येत नाही.

नवीन नळ घेणाऱ्या सगळ्यांना या निमित्तानं सांगते. खरेदीच्या वेळीच दुकानदाराला विचारा, "याचं कार्ट्रिज तुमच्याकडे आत्ता आहे का? दाखवा." ज्याचा भाग तुमच्या गावात मिळत नाही, तो नळ कितीही देखणा असला तरी मी घेऊ देत नाही.

प्रश्न : मी एकटी राहते. दुकानात नळाचं सामान मागितलं की "घरातल्या कुणा पुरुषाला पाठवा, नाहीतर प्लंबरला" असं सांगतात. मला खरंच जमणार नाही का? – अकोला

उत्तर : तुम्हाला जमेल. वायसर, जाळी, ओ-रिंग, स्पिंडल, मूठ, बेसिनखालची नळी, हे सगळं घरच्या घरी होणारं काम आहे. लागतो एक बारा इंची सरकता पान्हा, चपट्या आणि फुलीच्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर, एलन कीचा संच आणि टेफलॉन टेप. भिंतीच्या आतलं आणि जिथं मुख्य चावीच बंद होत नाही असं काम प्लंबरला द्या.

दुकानात जुना भाग काउंटरवर ठेवा आणि म्हणा, "ह्याच्यासारखा, दाते आणि उंची जुळवून द्या." या वाक्यानंतर कुणी पुरुषाला पाठवा म्हणत नाही, कारण गिऱ्हाइकाला काम कळतंय हे समोरच्याला दिसतं. तरीही कुणी म्हणालं तर त्या दुकानातून घेऊ नका. माझ्या काउंटरवर रोज बायका येतात, पोरी येतात, स्पिंडल हातात घेऊन येतात आणि बरोबर भाग घेऊन जातात. बसवण्याआधी पावती मागून घ्या आणि नळाला न जुळल्यास भाग परत घेणार का, ते आधीच विचारा. एकदा टेप लावून आवळलेला भाग कुणी परत घेत नाही, म्हणून आधी कोरडाच, हातानं फिरवून बघायचा.

प्रश्न : टेफलॉन टेप किती वेढे गुंडाळायची, आणि कुठल्या बाजूनं? कनेक्शन पाईपलाही लावायची का? – सांगली

उत्तर : आट्याचं तोंड स्वतःकडे धरलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं गुंडाळा, म्हणजे नळ आवळताना टेप सुटत नाही, आणखी घट्ट बसते. चांगल्या जाड टेपचे आठ-दहा वेढे पुष्कळ होतात, पातळ टेप असेल तर जास्त. पहिला आटा मोकळा सोडा, नाहीतर तिचे तुकडे आत जाऊन जाळीत अडकतात. प्लॅस्टिकच्या एल्बोत पितळी नळ जात असेल तर टेपचा ढीग करू नका, एल्बो फुगून तडकतो.

कनेक्शन पाईपाच्या नटात रबरी वायसर असतं. तिथं पाणी अडवायचं काम ते करतं, आटे करत नाहीत. तिथं टेप लावायची नाही. गळत असेल तर नट सोडवा आणि ते वायसर जागेवर आहे का, दुमडलंय का ते पाहा. तेवढंच सुटं मिळतं, पाईप बदलावा लागत नाही.